आप्पांची बारावी बाटली

सोपानआप्पा बाटलीला कान लावून बसायचे. बाटली बंद, वर पत्र्याचं बूच, आणि हे डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकतायत. चांगली पाच मिनिटं. मग बाटली अलगद खाली ठेवून निकाल देत, "आजून बसलं न्हाई."

नवख्या माणसाला वाटे, यांना बूच न काढताच चढते. पण आप्पा गुळवे होते. गुऱ्हाळात कढईतला पाक कोणत्या क्षणी उतरवायचा, हे ठरवणारा तो गुळव्या. बाकीचे गुळवे पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतात. आप्पा कढईजवळ कान नेत. "आधी रस बोलतो, मंग पुटपुटतो, मंग गप होतो," ते म्हणायचे. "गप झाला की उतरवायचा. उशीर केला तर शिव्या देतो." शिव्या देतो म्हणजे करपतो. चांगल्या धरलेल्या गुळाला त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'बसला'. पुढे त्यांनी तोच शब्द जावयांना, नव्या सरपंचाला आणि केडगाव स्टेशनावरच्या चहालाही लावला. बहुतेक जण आयुष्यभर न बसलेलेच राहिले.

आप्पा गेले त्याला आता वर्ष होत आलं. दहाव्याला नदीवर भाषणं झाली. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "माणूस लाखाचा, पण बाटलीपायी नाव घालवलं." आणि मग माझ्याकडे वळून, "नाहीतर आमचे गुरुजी बघा. एकाच आळीत राहून कधी थेंबाला शिवले नाहीत." मी खाली बघत उभा राहिलो. लोकांना तो माझा विनय वाटला.

माझं वय एक्क्याऐंशी. गावाच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, दर दोन ऑक्टोबरला व्यसनमुक्तीवर बोललो. दारूच्या बाबतीत चेअरमननी आप्पांबद्दल सांगितलं ते खोटं आहे, आणि माझ्याबद्दल सांगितलं तेही. म्हणून हे लिहीत आहे.

बाटल्या आल्या त्या अशा. रांजणगावकडच्या एका कारखान्यात बिअरची यंत्रं बसवायला बेल्जियमचा एक इंजिनीअर आला होता. सुट्टीच्या दिवशी गाडीतून हिंडताना त्याला आमच्या रस्त्याला धूर दिसला आणि वास आला. गाडी गुऱ्हाळावर थांबली. साहेब उतरला तो थेट कढईपाशी. आप्पांनी त्याला काकवीची वाटी दिली. त्याने बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. आप्पांना माणूस पटला. त्याच्या देशात बिअरमध्ये असाच काळा पाक घालतात, असं त्याच्या शिरूरच्या ड्रायव्हरने सांगितलं. नंतर दिवसभर दोघं कढईशेजारी बसले. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला दुसरं काहीच येत नव्हतं. तरी दोघांचं कशावरून तरी दोनदा भांडण झालं, एवढं मी स्वतः पाहिलं.

मायदेशी परतण्याआधी साहेबाने बारा बाटल्यांचं खोकं पाठवलं. ड्रायव्हर म्हणाला, "कडक बिअर हाय आप्पा. आत धनं आन् नारंगीची वाळल्याली साल हाय. सायेब म्हनला, गार अंधारात ठिवा आन् वर्षाला एकच उघडा. मुरंल तशी बदलती."

"लोणच्यावानी?"

"व्हय, तसंच."

"मंग सरळ सांग की."

आप्पांनी उभ्या जन्मात दारू घेतली नव्हती. पण लोणचं म्हटल्यावर हरकत उरली नाही. त्यांच्या पायऱ्यांच्या विहिरीत, पाण्याच्या वर पुरुषभर उंचीला, पूर्वी पंपाची मोटार ठेवायची कपार होती. उन्हाळ्यातही तिथे अंगावर शहारा येई. बाटल्या तिथे उभ्या राहिल्या. गुळाच्या ढेपेवर खूण करतात तसं आप्पांनी प्रत्येक बाटलीच्या मानेला चुन्याचं बोट लावलं. पुढे लोखंडी जाळीचं दार आणि कुलूप.

मुहूर्त ठरला भाऊबीजेचा दुसरा दिवस, दुपारी चार वाजता. दिवाळीला आलेल्या लेकी सासरी गेलेल्या असत, मुलगा पुण्याला परतलेला असे. हौसाबाई, त्यांची बायको, उरलेल्या करंज्या डब्यात भरत असायच्या. आप्पा अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून बाजेवर बसत आणि मला हाक मारत. त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे, म्हणून चव लिहून ठेवायला मी. शाळेची शंभर पानी वही, वर माझ्या अक्षरात 'मुरवण'.

"थेंबभर घ्या गुरुजी."

"आप्पा, माझं ठाऊक आहे ना तुम्हाला."

"व्हय, व्हय. तुम्ही निस्तं लिहा."

पहिल्या वर्षीची नोंद अशी आहे: 'धने पुढे पळतात, साल मागे राहते. दोघांचं पटत नाही. अजून बसलं नाही.' दुसऱ्या वर्षी: 'कडूपणा आहे, पण सासूचा नव्हे, आत्याचा.' तिसऱ्या वर्षी चेअरमन मध्येच टपकले आणि अर्धी बाटली एका दमात नरड्यात ओतून म्हणाले, "आप्पा, एक्सपायरी झालीय हो." आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. वहीत लिहायला लावलं, 'चेअरमनने पेढा न चावता गिळला.' गावभर आप्पांना दारुडा ठरवलं ते चेअरमननीच, आणि तेही त्या अर्ध्या बाटलीवर. चौथ्या वर्षी: 'खजूर आला. कुठून आला ते विचारू नये.' पाचव्या वर्षी: 'जुन्या पेटीत ठेवलेल्या लुगड्याचा वास. लवंग नाही, पण लवंग होऊन गेल्यासारखं वाटतं.'

आता माझी स्थिती लक्षात घ्या. दरवर्षी स्वतःची जीभ आवरून मी दुसऱ्याच्या जिभेचं लिहीत होतो. 'लवंग होऊन गेल्यासारखं' म्हणजे कसं? मी रात्री अंथरुणावर जीभ टाळ्याला लावून बघत असे.

त्यानंतरच्या चैत्रात हौसाबाई गेल्या. गुऱ्हाळात चुलाण्याचा जाळ त्यांच्या हाती असायचा. "जाळ तिचा, पाक माझा," असं आप्पा गिऱ्हाइकाला सांगत. त्यांनी गुऱ्हाळ बंद केलं. त्या हंगामातली शेवटची काकवी घरोघर वाटली, माझ्याकडेही एक बरणी आली. मुलगा त्यांना महिनाभर पुण्याला घेऊन गेला. जाताना आप्पांनी कपारीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "उन्हाची तिरीप येती का तेवढं बघा गुरुजी. तुमच्याबिगर कुणाला देऊ?"

मी तीन दिवस तिरीप बघितली. चौथ्या दिवशी दुपारी बाटली उघडली.

प्यायलो ती पायरीवर उकिडवं बसून, वर कुणी येतं का बघत. पूर्ण. मग रिकामी बाटली सदऱ्याखाली लपवली. घरी आणून ती स्वच्छ धुतली, कारण आयुष्यभर मुलांना स्वच्छता शिकवली होती. मग बरणीतली काकवी उकळलेल्या पाण्यात सारखी केली, धने कुटून घातले, संत्र्याची साल उकळवली, गाळून बाटली भरली. बूच माझ्या हाताने वाकडं झालेलं. केडगावात सगळे ओळखणारे, म्हणून न्हावऱ्यावरून एस. टी.ने शिरूरला गेलो. तिथे सोडावाल्याकडे बूच दाबायचं यंत्र असतं.

"काय हाय ह्यात?" त्याने विचारलं.

"औषध."

त्याने वास घेतला. "कुनाला?"

"पोटाला."

"मंग दाबूनच लावतो," तो म्हणाला, आणि नवं बूच बसवलं. साहेबाच्या बुचांवरही काही छापलेलं नव्हतं, हे माझं नशीब. मानेवरची पांढरी खूण धुण्यात गेली होती. ती मी घरी हाताशी होतं त्याने पुन्हा केली आणि बाटली जागेवर ठेवली.

पुढची सहा वर्षं मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली, ती स्वतःच्या मुलाच्या मॅट्रिकच्या निकालाचीही पाहिली नव्हती तेवढ्या धाकाने. न जाणं शक्य नव्हतं. मी नसताना माझी बाटली निघाली तर? आप्पा जाळीतून हात घालत, एकेका बाटलीच्या मानेवरून बोट फिरवत. एका बाटलीपाशी थांबत, "हिला ऱ्हाऊ द्या," म्हणत, आणि शेजारची काढत. दर वर्षी. माझा जीव भांड्यात पडे आणि वर्षभराने पुन्हा चुलीवर चढे. मधल्या काळात गुडघे गेले, मोतीबिंदू झाला, माझ्या मुलाने साताऱ्याला आपल्याकडे राहायला बोलावलं. मी गेलो नाही. आप्पा सगळ्यांना सांगत, "गुरुजी हायेत म्हनून वही हाय."

अकराव्या वर्षी नोंद केली: 'आता भांडण कुणाचंच कुणाशी नाही. बसत आलं आहे.' कपारीत एकच बाटली उरली.

बाराव्या दिवाळीआधी मी कबुलीचं पत्र लिहिलं, चार वेळा फाडलं. त्या दिवशी चारला गेलो. करंज्यांचा डबा बाजेवर होता, सुनेने पाठवलेला, अजून न उघडलेला. बाटलीही तिथेच होती. आप्पांनी तिला कान लावला नाही. हे पहिल्यांदाच घडत होतं.

"ऐकत नाही का?" मी विचारलं.

"हिचं काय ऐकायचं? ही आपल्यातलीच हाय." त्यांनी मानेवरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटाला पांढरी पूड होती. "गुरुजी, अवो, चुना आन् खडू ह्यातला फरक मला कळत न्हाई व्हय? चुना धरून बसतो. खडू बोटाला येतो. समद्या गावात खडू आजून कुनाच्या खिशात आसतो?"

 मी विचारलं, "कधीपासून?"

"पुन्याहून आलो त्याच दिशी."

"मग बोलला का नाहीत? सहा वर्षं, आप्पा!"

"बोललो आसतो तर तुम्ही फुडल्या भाऊबीजेला आला आसता का?" ते सहज म्हणाले, जणू पेरणी कधी करायची तेवढाच प्रश्न होता. "लाजंनं साताऱ्याला गेला आसता." मग वही माझ्या हातातून काढून त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली, पेन्सिल ओली केली. "आता सांगा."

"काय सांगू?"

"कशी लागली ती. बारा वर्सं एकटाच पितोय. चेअरमनला इच्यारून उपेग न्हाई. दुसऱ्या मान्साच्या जिभंला काय लागलं, ते ऐकायचं ऱ्हायलंय. सहा वर्सं थांबलोय. म्हातारं मानूस, घाई करू नये म्हटलं."

 मी म्हणालो, "खजूर होता. आणि मागून लवंग, म्हणजे होऊन गेल्यासारखी."

पेन्सिल थांबली. "खजूर माझा, चौथ्या वर्साचा. लवंग पाचव्या वर्साची. तुमचं सांगा."

आणि मला सांगण्यासारखं काही नव्हतं. एवढं पाप केलं, पण कुणी येईल या भीतीने मी ती गटागटा रिचवली होती. माझ्यात आणि चेअरमनमध्ये तसूभर फरक नव्हता. "आप्पा, मला चव कळलीच नाही," मी म्हणालो. "फक्त गार होती. एवढंच आठवतंय."

मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. वहीत खाली वाकून, एकेक अक्षर दाबत, त्यांनी वेळ लावून लिहिलं. मग बूच काढलं. आत फारसा फेस नव्हता. आंबूस, धुरकट वास बाजेभोवती पसरला. आप्पांनी दोन ग्लास अर्धे केले, एक माझ्यापुढे सरकवला, आणि स्वतःचा तोंडाशी नेऊन तसाच धरून ठेवला.

"कोनती काकवी घातली व्हती?"

"तुम्हीच दिलेली. शेवटच्या हंगामातली."

 आप्पांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले. कढईजवळ ऐकताना करत तशी मान तिरकी झाली.

"जाळ जरा जास्तच लावला व्हता तिनं त्या दिशी," ते म्हणाले. "मी वराडलो व्हतो तिच्यावर." डोळे मिटलेलेच होते. "घ्या गुरुजी. आता हळू घ्या. कुनी येत न्हाई."

मी हळू घेतली.

वही आता माझ्याकडे आहे. त्यात अकरा नोंदी माझ्या अक्षरात आहेत, चव आप्पांची. बारावी त्यांच्या अक्षरात, चव माझी. ते अक्षर लागायला मला दोन दिवस लागले. लिहिलंय: 'गुरुजी म्हणाले गार होती. खरं बोलले.'