भिसे खिंड आणि माझा पिकअप

मी एकदा ठरवलं की ठरवलं. आमच्या रोह्यात हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त आमच्या गाडीला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी म्हणजे आठशे सीसीची छोटी हॅचबॅक. सपाट रस्त्यावर इतकी गुणी की बघत राहावं. पण नागोठण्याहून रोह्याकडे येताना भिसे खिंड लागली की हिच्या पायात गोळे येतात. पहिला गिअर टाका, एसी बंद करा, देवाचं नाव घ्या, काही उपयोग नाही. शेवटी मागची माणसं उतरणार, चढावर चालत येणार आणि वर जाऊन पुन्हा बसणार. अनेक वर्षं हेच चाललेलं. आमच्या मंडळींना तर याची इतकी सवय झालेली की खिंडीच्या पायथ्याशी गाडी जरा मंदावली तरी बायकोचा हात दाराकडे जायचा.

गेल्या वर्षी मात्र हद्द झाली. आमचा गणपती दरवर्षी पेणहून येतो. मागे बायकोच्या, म्हणजे अनिताच्या मांडीवर बाप्पा, शेजारी आमची लेक अपेक्षा, आणि खिंडीत गाडी बसली. अनिता बाप्पाला उराशी धरून पावसातून चढ चढली. मागून तिचा भाऊ आदेश त्याच्या सात सीटांच्या गाडीतून आला, काच खाली करून म्हणाला, "ताई, पायी वारी काय गो?"

घरी आल्यावर अनिताने शांतपणे निकाल दिला. ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही. शांत बोलते तेव्हा घाबरतो.

"पुढच्या वर्षी बाप्पाला घेऊन खिंडीत उतरायला लागलं तर ही गाडी विकायची. बाप्पा मग कायम आदेशच्या गाडीतून येईल."

"आणि नाय उतरायला लागलं तर?"

"तर मी तुमच्या गाडीबद्दल जन्मात काय बोलणार नाय."

एवढी मोठी ऑफर संसारात पुन्हा मिळत नसते. मी ठरवलं. यंदा तीन माणसं मागे, बाप्पा मांडीवर, एसी चालू, आणि खिंड एका दमात पार. नवीन इंजिन टाकायची आपली ऐपत नव्हती. जे काही करायचं ते थोडक्यात करायचं होतं.

हरेश मेकॅनिकचं गॅरेज आमच्या स्टेशनच्या रस्त्याला आहे. त्याच्यासमोर बॉनेट उघडलं. तो इंजिनाकडे डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतो तसं बघत राहिला.

"काका, हिला श्वास मिळत नाय," तो म्हणाला. "फिल्टर बदलतो, प्लग बदलतो. आणि सायलेन्सर मोकळा करू."

"मोकळा म्हणजे?"

"आतलं सगळं काढून टाकायचं. गाडी मोकळेपणी श्वास सोडेल. व्हिडिओत बघितलंय मी."

व्हिडिओत बघितलंय म्हटल्यावर माझा विश्वास बसला. सायलेन्सर मोकळा झाला. किल्ली फिरवली तर शेजारच्या पानवाल्याने हातातला चुना सांडला. "पॉवर आली की नाय बघा!" हरेश ओरडून म्हणाला. ओरडूनच बोलावं लागत होतं.

मग वजनाकडे वळलो. स्टेपनी काढली. पाना-जॅक काढला. पायपुसणी काढली. आतला आरसा काढला, तोळामासा का होईना. शेवटी ड्रायव्हरच्या शेजारची पुढची सीटच काढून माळ्यावर ठेवली. तरी समाधान होईना. रात्रीच्या जेवणाआधी हरेशला फोनवर म्हणालो, "पुढचं सगळं झालं रे. पण मागच्या सीटवरचं वजन लय हाय, त्याचं काय करायचं?"

मागच्या सीटवर बसणारी बाई तेव्हा नेमकी माझ्या मागे भात वाढायला उभी होती. त्यानंतर चार दिवस मला घरात भात मिळाला, पण वाढून कुणी दिला नाही.

चतुर्थी जवळ आली तरी मनात धाकधूक होती. अजून थोडा पिकअप पाहिजे होता. म्हणून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "गणपतीसाठी चांगला पिकअप पाहिजे. बजेट कमी. कुणाच्या ओळखीत आहे का?"

लगेच खांब गावच्या रघूचा फोन आला. रघू आदेशचा मित्र, गाड्यांच्या धंद्यातला माणूस; मेसेज त्याला आदेशनेच पुढे पाठवलेला.

"काका, पिकअप मी देतो ना. टेन्शन नाय घ्यायचं."

"खिंड चढायला पाहिजे हां, रघू. तीन माणसं आणि बाप्पा."

"तीन काय, दहा बसवा. खिंड अशी चढेल की कळणार पण नाय."

"आणि खर्च?"

"बाप्पाचं काम हाय, डिझेल टाका फक्त."

डिझेल म्हटल्यावर मी जरा चमकलो, कारण आमची गाडी पेट्रोलची. पण असेल काही नवीन तंत्र, म्हणून गप्प बसलो. अडाणी दिसायला नको.

गणपती आणायच्या सकाळी दारात हॉर्न वाजला. बाहेर येऊन बघतो तर रघू, आणि त्याच्या मागे त्याचा पिकअप टेम्पो, हौद्यात गादी घालून, वर झेंडूचं तोरण लावून सजवलेला.

"हा काय?" मी विचारलं.

"पिकअप. तुम्हीच मागितलात ना?"

आदेश पंच म्हणून आमच्याबरोबर यायला आला होता. तो अंगणात बसून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. अनिता म्हणाली, "बरंय की. जाऊ या ह्यातनं."

"नाय," मी म्हणालो. "बाप्पा माझ्या गाडीतून येणार. इंजिनाचा पिकअप म्हणत होतो मी."

रघू बिचारा भला माणूस. म्हणाला, त्याला नाहीतरी पेणहून दोघातिघांचे गणपती आणायचेच होते, तो आमच्या मागेमागे येईल.

जाताना काही त्रास झाला नाही. पेणला कारखान्यातून मूर्ती घेतली, तोंडावर रुमाल बांधला. मागे मधोमध अनिता, मांडीवर बाप्पा, एका बाजूला अपेक्षा, दुसऱ्या बाजूला आदेश. बाप्पा गाडीत म्हणून तिघांनी चपला काढून सीटखाली सरकवल्या. पुढे सीटच्या जागी मखराचं सामान, केळी आणि नारळ. एसी चालू, काचा बंद. सायलेन्सरच्या आवाजाने वडखळला ट्रॅफिकमधले लोक आपणहून बाजूला होत होते. त्यांना वाटत असावं मागून ढोलपथक येतंय. मागे कोण काही बोललं तर मला ओठसुद्धा दिसत नव्हते, कारण आरसा माळ्यावर. पण माझं लक्षही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त खिंड होती.

खिंडीच्या पायथ्याशी पोचलो तर पुढे एक मालाने लादलेला ट्रक रडतखडत चढत होता. त्याच्या मागे अडकलो असतो तर सगळी मेहनत पाण्यात. मी गाडी कडेला घेतली, ट्रकला पुढे जाऊ दिलं. नजर ट्रकवर, एक पाय क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर. इंजिन गुरगुरत होतं. मीही मनातल्या मनात गुरगुरत होतो. ट्रक वळणाआड गेला आणि मी गाडी सोडली.

काय सांगू तुम्हाला! गाडी नुसती सुटली. दुसऱ्या गिअरमध्ये चढ. तिसरा टाकला, तरी दम नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हरेशला मनोमन नमस्कार केला, बाप्पाला त्याच्या आधी केला. खिंडीच्या माथ्यावर पोचलो, गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.

"बघितलंत?" मी समोर बघतच म्हणालो. "आता बोला."

कुणी काही बोललं नाही. बोलती बंद झाली म्हटलं. जरा वेळ त्या शांततेचं सुख घेतलं आणि मग मागे वळलो.

मागची सीट रिकामी होती. खाली तीन जोड चपला होत्या.

आधी वाटलं दार उघडून पडले की काय. मग डोक्यात प्रकाश पडला. पायथ्याशी गाडी थांबली, आणि इतक्या वर्षांची सवय, मंडळी मुकाट्याने बाप्पाला घेऊन खाली उतरली. दार हळू लावलं असणार, मांडीवर देव म्हणून. आणि मी त्यांच्या चपला घेऊन निघून आलो होतो.

फोन बघितला तर मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. परत लावला, तर त्यांचा फोन रेंजच्या बाहेर. गाडी वळवली आणि खाली सुटलो. वाटेत समोरून एक तोरण लावलेला टेम्पो चढत आला. त्यातले लोक दोन्ही हात वर करून मला काहीतरी ओरडत होते. आवाज ऐकून गाडीवर खूश झाले असतील असं वाटून मीही हात हलवला. वळण पार केल्यावर मला कळलं की त्यातल्या एकीच्या मांडीवर बाप्पा होता.

तरी खात्री करायला पायथ्यापर्यंत गेलो. तिथे जानी नावाची बाई काकड्या आणि रानफुलं घेऊन बसते. तिला विचारलं.

"ते हाय ना, गेले पिकअपात बसून," ती म्हणाली. "लय हाका मारल्या तुला. तू थांबलाच नाय. मला वाटलं, घरात भांडण झालं आसल."

घरी पोचलो तेव्हा बाप्पा पाटावर बसला होता. पायावर पाणी घालून, भाकरतुकडा ओवाळून टाकून सगळं झालेलं. तिघांचे पाय चिखलाने भरलेले. मी तीन जोड चपला हातात घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो.

"चढली का हो भावोजी?" आदेशने विचारलं.

"सरसर चढली. एकदापण थांबली नाय."

"आमच्यासाठी पण नाय थांबली," अनिता म्हणाली.

मग वाद सुरू झाला. माझं म्हणणं, उतरायला लागलं नाही, तुम्ही आपणहून उतरलात, म्हणजे मी जिंकलो. आदेशचं म्हणणं, देव खिंडीत उतरला तो उतरला, गाडी विका. रघू चहा घेत होता, त्याला दोन्ही बाजू पटत होत्या. शेवटी सगळे अनिताकडे बघू लागले. खरं सांगतो, त्या क्षणी मला गाडीचा एकेक ओरखडा आठवला.

अनिता दूर्वा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडीचा काय दोष नाय. गाडी राहू दे."

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"ड्रायव्हर बदला."

तेव्हापासून गाडी अपेक्षा चालवते. तिने सीट परत बसवली, सायलेन्सर धड करून घेतला, आरसाही लावला. शेजारी तिची आई बसते. मी मागे बसतो. खिंडीच्या पायथ्याशी अपेक्षा गाडी कडेला घेते आणि मागे वळून माझ्याकडे नुसती बघते. मी उतरतो.

पण तुम्हाला म्हणून सांगतो, मी उतरलो की गाडी काय झकास चढते.