भाई सोंधासिंगांच्या जोडाघराची हकीकत

॥ अकाल पुरुष साक्ष असो. लिहिणाराचा हात खऱ्यापासून न ढळो ॥

शके सतराशे एकोणतीस, प्रभवनाम संवत्सरी, गंगातीरी एक राज्य होते. नाव काय करावयाचे? अशी राज्ये उदंड. तेथे गुरुद्वाराच्या दाराशी जोडे काढून ठेवण्याची एक कौलारू पडवी होती, तीच भाई सोंधासिंगांचे स्थान. भाईजी गुरुघरचे थोर सेवक. जन्मभर दाराशी बसून येईल त्याचे जोडे आपल्या हाते पुसले आणि ती धूळ कपाळी लाविली, आणि सरदाराचे पुसले तैसेच चांभाराचे पुसले. मग देह ठेवते समयी बोलिले की, "माझी समाधी बांधू नका. जोडे पुसत राहा, तोच मी." मग संगतीने, म्हणजे जमल्या भक्तमंडळीने, ते जोडाघरच स्थान मानिले, आणि सेवा चालत चालत बीबी सुलक्खणकौर यांजकडे आली. बाई वयाने थकलेली, जिभेने नव्हे.

ऐशियात दिवाण अंताजीपंत दर्शनास आले, आणि पडवीतील चपलांची रास पाहोन नाकास उपरणे लाविते जाहले, आणि बोलिले, "एवढ्या थोर भक्ताचे स्थान, आणि हा चामड्याचा उकिरडा! येथे संगमरवर घाला, सोन्याचा कळस चढवा, आणि हे खेटर दृष्टीआड करा."

बाई म्हणाली, "दिवाणजी, जोडे काढलेत तर भाईजी उरतात कुठं?"

"बाई, थोरांचा मान कसा राखावा हे तुम्हांस काय कळे! बाजूस व्हा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली. थोरांचा मान म्हणे! ज्याने आयुष्यभर मान खाली घातली, त्याच्या मानासाठी त्याचेच घर मोडावयाचे. पण दिवाणाच्या तोंडास कोण लागणार? मग पडवी पाडिली, आणि संगमरवर आला, आणि कळस चढला, आणि जोडे ठेवावे कोठे, हे मात्र कोणी बोलेना.

मग महाराज दर्शनास आले तो दिवस उजाडला, आणि माणूस लोटले, आणि महाराजांचे जोडे हुजऱ्याने रुप्याच्या तबकात धरिले, आणि रयतेचे जोडे पहारेकऱ्यांनी फावड्याने ओढोन मागील खंदकात लोटिले. बाईंनी डोळ्यांदेखत पाहिले. बाई वाटेत आडवी झाली, तो भाल्याच्या दांड्याने मागे सारिली.

आत महाराजांनी पुसिले, "भाईजींची सेवा कोणती?"

गुरुद्वारात ग्रंथ वाचणारे ग्रंथी भीत भीत बोलिले, "महाराज, आल्यागेल्याचे जोडे पुसणे. आपण उभे आहां, त्याच जागी."

"मग आज जोडे कोठे आहेत?"

दिवाण छताकडे पाहू लागले. तो दारातून बाई कडाडली, "खंदकात, महाराज! दिवाणजींनी भाईजींना खंदकात लोटलंय, आणि तुम्ही दगडाला हात जोडताय!"

सभा चपापली. सर्वांस वाटले, आता महाराज दिवाणांचे कान उपटतील. महाराज प्रसन्न होऊन बोलिले, "बाईंचे म्हणणे यथार्थ. पंत, या भिंतीवर जोडे पुसणाऱ्या भाईजींचे चित्र काढवा. सोन्याचा वर्ख लावा." आणि दिवाणांस शालजोडी दिली, आणि सर्वांनी वाहवा केली. आग लागो त्या वाहवेला!

मग बाई फिरली, आणि खंदकात उतरली, आणि चिखलातून एकेक जोडा काढोन पदराने पुसू लागली. वर अनवाणी लोक आपापले जोडे मागत उभे होते. एक कोष्टी खाली उतरून म्हणाला, "बीबीजी, माझा राहू द्या, मी पुसतो." बाई म्हणाली, "स्वतःचा नको, शेजारच्याचा पूस." त्याने शेजारच्याचा घेतला, शेजारच्याने तिसऱ्याचा, आणि बघता बघता अवघा खंदक माणसांनी भरला. महाराज निघाले तेव्हा वर संगमरवरी मंदिरात दिवाण, चित्रासाठी बोलाविलेला चितारी आणि पहारेकरी एवढेच होते.

येणेप्रमाणे भाई सोंधासिंगांचे स्थान खंदकात आहे. वर जे संगमरवरी दिसते, ते दिवाणांचे.