तळहाताची शेड

भर अकराच्या उन्हात दुकानाच्या दारात उभं राहून शेडमास्तरांनी स्वतःचा तळहात रंगांच्या शेडकार्डावर ठेवला. जन्मभर 'साय' या रंगाशी जुळणारा हात आज एक घर खाली सरकला होता. 'सोनकेळ'!

रंगाच्या दुकानात तीस वर्षं रंग मिसळणाऱ्या माणसाचा डोळा चुकत नाही. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा पोपडा रुमालात बांधून आणायचं, मास्तर तो दारातल्या उजेडात धरायचे आणि थेंब मोजून हुबेहूब तोच रंग डब्यात उभा करायचे. "ट्यूबलाइट खोटं बोलते, ऊन खरं बोलतं," असं ते सगळ्यांना सांगत. आज त्याच उन्हानं त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

कावीळ! म्हणजे यकृत गेलं. म्हणजे सगळंच गेलं.

मास्तरांचे वडील बावन्नाव्या वर्षी, हातातला घास हातातच राहून गेले होते. मास्तरांना यंदा बावन्नावं लागलं होतं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "कोलेस्टेरॉल वाढलंय. मटण, तळलेलं कमी करा. भाज्या वाढवा." बाईसाहेबांनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, घरी येताच पदर खोचला. मटण गेलं, अंडी गेली, पाठोपाठ दूधतूपही गेलं. सकाळी पेलाभर गाजराचा रस, दुपारी भोपळा, संध्याकाळी पपई.

"शंभर दिवसांचा नेम धरलाय मी तुमच्या आयुष्यासाठी," ती हात जोडून म्हणाली होती. "मोडू नका हं."

अशा बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाई गं, तुझा नेम चालू आहे आणि इकडे मी पिवळा पडतोय? तिनं अंथरूणच धरलं असतं. मास्तरांनी तोंड मिटलं आणि मोबाइल उघडला. त्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, "यकृत धुऊन काढायचंय? गाजराचा रस घ्या!"

बुडत्याला काडीचा आधार. मास्तर दुपारीही कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडे जाऊन गाजराचा एक मोठा पेला रिचवू लागले. आठ दिवसांनी पुन्हा हात कार्डावर ठेवला. आणखी एक घर खाली. रंगाचं नाव वाचून त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. 'पिकलं पान'.

"मास्तर, लक्ष कुठाय?" मालक ओरडले. "त्या बाईंना आकाशी हवा होता, तुम्ही पिवळा कालवलात!"

"मालक, 'पिकलं पान'च्या खाली कोणता येतो हो?"

"'मावळती'. का? कुणाला हवाय?"

"कुणालाच नकोय," मास्तर पुटपुटले.

खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला. खिडकीपाशी बायकोनं रसाचा पेला पुढे केला, तिच्या हातावर ऊन पडलं, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तिचाही हात 'सोनकेळ'! रोग पसरत होता. आणि पसरवला कुणी? खुद्द त्यांनी!

त्या दिवशी मास्तरांनी आपलं ताट, पेला, साबण, टॉवेल सगळं वेगळं केलं. पलंग सोडून बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली.

"अहो, माझं काही चुकलं का?" बायकोचा आवाज ओला झाला.

"नाही गं. उकडतंय."

"टॉवेललासुद्धा?"

स्वतःचं मरण मास्तरांनी मनातल्या मनात कसंबसं पचवलं होतं, पण हिचं? ते उठले. "चल, दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. हिला वाचवा म्हणून पाय धरतो मी डॉक्टरीणबाईंचे."

डॉक्टरीणबाईंपुढे मास्तरांनी शेडकार्ड पसरलं आणि एकेका रंगावर बोट ठेवत सगळी घसरगुंडी दाखवली. "मी आज इथे आहे. ही इथे. माझं जाऊ द्या, हिचं बघा."

बाईंनी दोघांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. "डोळे पांढरेशुभ्र आहेत की! कावीळ असती तर डोळ्यांत दिसली असती. गाजर किती घेता?"

"दोन पेले."

"दोन?" बायको दचकली. "मी तर एकच देते!"

"दुसरा... कोपऱ्यावर घेतो. यकृतासाठी."

"वर भोपळा आणि पपई?" डॉक्टरीणबाईंनी हसू तोंडावरच्या रुमालात लपवलं. "अहो, हा गाजराचा रंग आहे. जाईल हळूहळू. रक्त तपासू, पण घाबरू नका."

"पण हिचं काय? ही गाजराला शिवत नाही! लग्नापासून पाहतोय मी."

बायकोनं मान खाली घातली. "तुमच्या आयुष्याचा नेम, आणि मी त्यातून बाहेर राहू? तुम्ही दुकानात गेलात की नाक दाबून पिते."

मास्तरांनी शेडकार्ड मिटलं आणि तिचा 'सोनकेळ' हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. यकृत ठणठणीत, कोलेस्टेरॉल उतरलेलं. "भाजीपाला चांगलाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आहार शंभर दिवसांचा नसतो, उरलेल्या जन्माचा असतो. डाळी, शेंगा, दाणे, पालेभाज्या, सगळं आलटून पालटून घ्या. दूधअंडी सोडलीत तर बी-बाराची गोळी लागेल. आणि एकाच भाजीवर जीव टाकू नका." बायकोनं एकेक शब्द मान डोलावून ऐकला.

पुढच्या सकाळी मास्तरांची सतरंजी गुंडाळलेली होती आणि टॉवेल पुन्हा एकच होता. ओट्यावर दोन मोठे पेले होते. काठोकाठ, गर्द हिरवे.

"गाजर बंद," बायको म्हणाली. "आजपासून पालक. रोज."

"अगं, आलटून पालटून म्हणाल्या ना त्या?"

"मग? पालटलंच की!"

ती नाक दाबून प्यायली. मास्तरही प्यायले. मग त्यांनी मुकाट्यानं शेडकार्ड काढलं, पिवळं पान मिटलं, हिरवं उघडलं आणि त्यावर शेजारी शेजारी दोन तळहात मावतात का, ते पाहिलं.