टिटवीचं ओरडणं आणि चितळांचं हसणं

एका जंगलात, बाळांनो, चितळांचा एक कळप होता आणि एक टिटवी होती. जंगलाचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की तिथले लोक भांडायला येतात.

टिटवीचं नाव साळू. माळावर, उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मधोमध तिने चार अंडी घातली होती. टिटव्यांना घरटं बांधायचा कंटाळा असतो. कळपाशी तिचा जुना करार होता. बिबट्या दिसला की तिने ओरडायचं, आणि चितळांनी चरताना तिच्या अंड्यांवर पाय द्यायचा नाही. हे तिच्या पणजीपासून चालत आलं होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

मग पोपट आला.

हा पोपट चार वर्षं शहरात एका साहेबांच्या गॅलरीत पिंजऱ्यात होता. साहेब रोज दात घासताना सुखी आयुष्यावरची भाषणं ऐकत. पोपटाची ती पाठ झाली. तो दिवसभर ती म्हणून दाखवायला लागला, तेव्हा साहेबांच्या बायकोनेच पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं. जंगलात येऊन त्याने स्वतःचं नाव प्रसन्नराव ठेवलं आणि माळाच्या कडेच्या मोहाच्या झाडावर बसून वर्ग सुरू केला. बसायचा मात्र अगदी शेंड्यावर.

कळपाचे पुढारी आप्पासाहेब शिंगाडे सगळ्यांत आधी जाऊन पुढे बसले.

"आप्पासाहेब, सकाळी उठल्यावर तुमच्या मनात पहिला विचार कोणता येतो?" पोपटाने विचारलं.

"बिबट्या कुठं असेल, हाच."

"इथंच चुकतं. ज्याचा विचार कराल, तेच येतं."

आजवर खाल्ल्या गेलेल्या आपल्या सगळ्या नातेवाइकांची चूक आप्पासाहेबांना एकदम कळली.

दुसऱ्या दिवसापासून अख्खा कळप सकाळी मोहाखाली जमू लागला. डोळे मिटायचे, दीर्घ श्वास घ्यायचा, गवताचे आभार मानायचे आणि मग पोट धरधरून हसायचं. खोटं कशाला सांगू, चार दिवस सगळ्यांना बरं वाटलं. हसण्यात वाईट काहीच नाही. मीसुद्धा हसतो, तुमची परीक्षा असली की.

पाचव्या दिवशी हसणं ऐन रंगात आलं असताना साळू ओरडली, "टिटिव टिव! बिबट्या! नाल्याकडून!"

कळप पळाला. बिबट्या जांभई देऊन परत गेला. सगळे वाचले आणि प्रसन्नरावांना फार वाईट वाटलं.

"या बाईंचं रोज हेच! जरा म्हणून चांगलं बोलणं नाही."

एक म्हातारी चितळीण म्हणाली, "टिटवी ओरडली की कुणीतरी जातंच. आमची आई सांगायची."

"बघा, विज्ञानही हेच सांगतं," पोपट म्हणाला.

आप्पासाहेबांनी साळूला बोलावून घेतलं. "साळूबाई, तुमचं काम चोख आहे. पण सूर बदला. 'बिबट्या आला' असं कशाला? 'नाल्याकडे आज छान हालचाल आहे' असं म्हणा की."

"आप्पा, तेवढं म्हणेपर्यंत तुमची तंगडी गेलेली असेल."

"हे बघा, पुन्हा तेच! आता परत ओरडलात, तर माळ सोडावा लागेल."

साळूने अंड्यांकडे पाहिलं. फुटायला आठ दिवस होते. अंडी काही चोचीत धरून नेता येत नाहीत. माळ सोडायचा म्हणजे अंडी सोडायची. त्या दिवशी तिला एकही किडा गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिबट्या पुन्हा आला, या खेपेला पोटावर सरकत. त्याच्या वाटेत सगळ्यांत पुढे ठिपकी उभी होती. ठिपकी म्हणजे कळपातली सगळ्यांत तरुण चितळीण. अंड्यांजवळून जाताना ती हटकून वळसा घ्यायची आणि "मावशी, बरं आहे ना?" असं विचारायची.

साळूने चोच घट्ट मिटली. अंड्यांकडे पाहिलं. मग ठिपकीकडे पाहिलं. आणि जन्मात ओरडली नव्हती एवढी ओरडली.

ठिपकी उधळली. बाकीचे जागचे हलले नाहीत. असले अभद्र आवाज आले की दुप्पट जोराने हसायचं, असं प्रसन्नरावांनी शिकवून ठेवलं होतं. आप्पासाहेब सगळ्यांत जोरात हसत होते, तेही डोळे मिटून. बिबट्याला ते फार सोयीचं पडलं.

साळू दिवसभर रडली. आप्पासाहेब मूर्ख होते, पण मनाने वाईट नव्हते. अशी माणसं गेली की जास्त वाईट वाटतं.

कळपाने शोकसभा घेतली नाही, आनंदसभा घेतली. "आप्पासाहेब गेले, पण प्रत्येकाच्या वाट्याचं गवत वाढलं," असं प्रसन्नराव म्हणाले. टाळ्या झाल्या.

"ती ओरडली म्हणून मी वाचले," ठिपकी म्हणाली.

"ती ओरडली म्हणून बिबट्या आला," म्हातारी म्हणाली.

मतदान झालं. म्हातारी जिंकली. साळूला हुसकून लावायला पाच दांडग्या नरांची समिती नेमली गेली. रोजचं हसून झालं की समितीने कामाला लागायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी साळू ओरडली, कळप दुप्पट हसला, आणि हसून झाल्यावर समितीत चारच जण उरले. पाच नसले तर बैठक भरत नाही, म्हणून एक नवा नेमला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार. चौथ्या दिवशी बिबट्याने आपल्या मामेभावांनाही बोलावलं आणि समितीत दोन उरले. साळूचा घसा बसला तरी ती ओरडतच होती. शेवटी नेमायला कुणी राहिलं नाही, तेव्हा म्हातारीने स्वतःलाच नेमून घेतलं आणि ती हसायला गेली.

आठव्या दिवशी अंडी फुटली. चार पिल्लं बाहेर आली. माळावर साळू होती, ठिपकी होती आणि गुडघाभर गवत होतं.

"मावशी, एवढ्या गवताचं मी एकटी काय करू गं?" ठिपकीने विचारलं.

साळू पिल्लांना ओरडायला शिकवायला बसली.

प्रसन्नराव शेजारच्या जंगलात गेले. तिथे त्यांचा वर्ग जोरात चालू आहे. जाताना त्यांनी एक शिफारसपत्र नेलं होतं. ते बिबट्याने मोठ्या आनंदाने लिहून दिलं.

तात्पर्य : रोज सकाळी उठून मनापासून हसावं. काळजी करणाऱ्याचं मांस चिवट होतं, असा बिबट्यांचा अनुभव आहे.