पक्क्या जमिनीचा ठराव

जेसल पार्कच्या ‘अचल दर्शन’ सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेपुढे एकच विषय होता: भूकंप. कुठली जमीन किती हादरेल, याचा सरकारी नकाशा हरकतींसाठी जाहीर झाला होता. खाडीवर भराव टाकलेली जमीन लाल, पक्की हिरवी. आता लाल रेघेनं जावं कुठून, तर नेमकं ए आणि बी विंगच्या मधून: ए हिरवी, बी लाल. सेक्रेटरी गुणवंतराव राऊळ बी विंगचे, पहिल्या मजल्यावरचे. पार्किंगमधल्या ज्या खांबाला बोट जाईल एवढी भेग पडली होती, त्याच्या बरोब्बर वर त्यांच्या लेकीची, रसिकाची खोली. नकाशा पाहिल्यापासून ते रोज खाली जाऊन त्या भेगेत बोट घालून बघत होते.

“इंजिनिअर बोलावून बिल्डिंग तपासून घेऊ या,” ते म्हणाले.

“भूकंप बी विंगमध्ये येणार, तर खर्च कॉमन कशाला?” ए विंगच्या शकूताईंनी रास्त मुद्दा काढला.

चेअरमन दिपेशभाई घरं विकून देण्याच्या धंद्यातले. “गुणवंतभाई, तपासलं तर काहीतरी निघणारच ना. आणि लाल पट्ट्यातला फ्लॅट घेणार कोण? तुम्ही पण हा विकून मोठं घर बघताय ना?”

गुणवंतराव बघत होते. त्यामुळे ठराव आला: सोसायटीखालची जमीन पक्की समजण्यात यावी. भराभर हात वर झाले. गुणवंतरावांनी इकडेतिकडे पाहून हळूच आपलाही वर केला.

नकाशाचे अधिकारी स्वप्नील साहेब ठराव वाचून म्हणाले, “अहो, जमिनीखाली कोरम नसतो.” मग साहेबांना वरून फोन आला. आठवड्याभरात लाल पट्टा सरकून पलीकडच्या खारफुटीवर गेला.

“तिथली जमीन तपासलीत?” गुणवंतरावांनी साहेबांना विचारलं.

“गरज काय? खारफुटीकडून मुदतीत हरकत आलेली नाही.”

सोसायटीत पेढे वाटले. भेगेवर मार्बलसारख्या दिसणाऱ्या टाइल्स बसल्या. हा खर्च मात्र शकूताईंनी कॉमनमधून लगेच मंजूर केला, कारण शोभा दोन्ही विंगची.

त्या संध्याकाळी गुणवंतराव रसिकाचा पलंग हॉलमध्ये ओढत होते.

“बाबा, जमीन पक्की झाली ना?”

“झाली की. एकमतानं.”

“मग?”

“त्या खोलीत डास फार झालेत,” गुणवंतराव म्हणाले आणि उशी थोपटत राहिले.

तुम्हाला हसू येतंय, येऊ दे. फक्त तुमच्या पार्किंगमधल्या खांबांना टाइल्स कधी लागल्या आणि तेव्हा तुमचा हात कुठे होता, तेवढं आठवून बघा.