सुपडूमामांचं खान्देशी झाड

सुपडूमामा कुजबुजले तरी गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात. सगळी उमर सुरतला, उधन्याच्या कापड कारखान्यात, लूमच्या खडखडाटात गेली. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जायचं नाही. मामा रिटायर झाले, आवाज अजून पाळीवरच आहे.

असा माणूस मी स्मृतिवनात नेला. गेलेल्या माणसांच्या आठवणीत तिथे लोकांनी देशोदेशीची झाडं लावलीत. प्रत्येकाजवळ पाटी, पाटीवर त्या माणसाचं नाव आणि झाडाचा देश. पान पडलेलं ऐकू यावं इतकी शांतता. मामी गेल्यापासून मामा घराबाहेर पडत नव्हते, म्हणून शेजारधर्माने एका रविवारी त्यांना स्कूटरवर बसवून आणलं.

आत शिरताच मामांनी पहिलं झाड गाठलं. "काय भो, तुन्हं गाव कोनतं?"

बाकावर डोळे मिटून बसलेल्या एक गुजराती आजी दचकल्या. मी घाईने पाटी वाचली, "मादागास्कर."

"बाप रे! नंदुरबारना पुढे का?"

वॉचमन धावत आला. "काका, जरा धीमे बोलो ने!"

"मी हयूच बोली ऱ्हायनू!" मामा गरजले. दोन पारवे उडाले.

पण मामांना जागा आवडली. पुढच्या रविवारी तेच माझ्या दारात हजर. ऑस्ट्रेलियाच्या निलगिरीला सुरतचं पाणी मानवतं का, ब्राझीलच्या झाडाला घरून कोणी भेटायला येतं का, सगळी चौकशी मोठ्याने. वॉचमन कंटाळून हसायला लागला.

मग एकदा ते डब्यात कडुनिंबाचं रोप घेऊन आले. मामींच्या माहेरच्या अंगणातलं. मामींच्या नावाने लावायचं होतं. ऑफिसातल्या साहेबांनी मान हलवली.

"काका, इथे फक्त विदेशी झाडं. निंब तर रस्त्यावर पण असते."

"हाई खान्देशनं शे," मामा म्हणाले. "नावमाच देश शे ना, साहेब!"

साहेब हसले. मामा हसले नाहीत. डबा छातीशी धरून तसेच उभे राहिले. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा रोपाकडे पाहिलं आणि माळ्याला हाक मारली. कुंपणाजवळची जागा मिळाली.

मामांनी माती स्वतः दाबली, पाणी घातलं. संध्याकाळ झाली, वॉचमनने बंद व्हायची शिट्टी वाजवली. मी म्हटलं, "मामा, निघू या."

ते उठेनात. रोपाभोवतीची माती उगाच सारखी करत राहिले.

"तुन्ही मामी लगीन व्हईसन आठे सुरतमा उनी," ते म्हणाले, "तव्हय मी तिले बमरोलीनी खोलीमा सोडं आन् पाळीवर गयू. पऱ्हाया गावमा पहिला दिस. दिवसभर एकलीच दारमा बसेल व्हती, बिचारी."

वॉचमन जवळ आला, उभा राहिला, मग फाटकाकडे परत गेला. त्याने एक झडप लावली. दुसरी उघडीच ठेवली.