उजवीकडे वळा!

"तू फक्त पळ. बाकीचं सगळं माझ्यावर सोड!"

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, परगावच्या हॉटेलच्या खोलीत, मुकादमांनी छातीवर हात मारून बायकोला सांगितलं. खरं तर ते कुठलेही मुकादम नव्हते. कोणता ट्रक कधी आणि कुठून निघणार, हे मालवाहतूक कंपनीत बसून ठरवायचं त्यांचं काम. पण यार्डात उभे राहून ते ज्या थाटात हात हलवत, त्यावरून ड्रायव्हरांनी हे नाव पाडलं. त्यांना ते इतकं आवडलं की घरीही तेच चिकटलं.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारी. मागच्या वर्षी लिफ्ट बंद पडली तेव्हा जिने चढताना तिला अशी धाप लागली, की शेजारच्या आजींनी स्वतःची खुर्ची तिला आणून दिली. आजींनी! ती खुर्ची अगदी जिव्हारी लागली. दुसऱ्याच दिवसापासून बाई पहाटे उठून पळायला लागली, आणि आता चक्क हाफ मॅरेथॉनला उभी होती. तिला बक्षीसबिक्षीस नको होतं. वेळ संपायच्या आत, आपल्या पायांनी, शेवटची रेघ ओलांडायची. बस्स.

"त्या मोठ्या वळणावर मात्र दिसा हं," ती म्हणाली. "तिथून पुढे चढ आहे. मला त्याचीच धास्ती वाटतेय."

"नुसते दिसणार नाही, ऐकूसुद्धा येणार!" म्हणत मुकादमांनी पिशवीतून भोंगा काढला. यार्डात ट्रक मागे घेताना ओरडायला वापरतात तो. लाल बटण दाबून बोललं की आवाज भरला जातो आणि हिरवं दाबलं की तोच पुन्हा पुन्हा वाजत राहतो. 'शाब्बास! पळत राहा!' हे त्यांनी आधीच भरून आणलं होतं.

सासूबाई पलंगावरून हा सोहळा बघत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी 'शांत बसा' म्हटलं की शाळाच काय, समोरच्या बँकेतली माणसंही गप्प व्हायची.

"जावईबापू, त्या पत्र्याची काय गरज? मी आहे ना ओरडायला."

"आई, हे नियोजनाचं काम आहे," मुकादम समजूतदारपणे हसले. "तुम्ही फक्त टाळ्या वाजवा."

सकाळी बायकोला शर्यतीच्या गर्दीत सोडून दोघं गाडीत बसले. भोंगा सासूबाईंच्या मांडीवर. निम्मे रस्ते शर्यतीसाठी बंद होते.

"उजवीकडे वळा," सासूबाई म्हणाल्या.

"नको. मी काल नकाशा पाठ केलाय."

"अहो, पुढे रस्ता खणलेला दिसतोय! उजवीकडे वळा! उजवीकडे! सरळ कुठे निघालात?"

मुकादम सरळ निघाले, आणि सरळ एका खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन थांबले. मग गाडी मागे घेतली. ती मागे घेताना मागून दुसरी आली. तिचा मालक उतरला, मुकादम उतरले, दोघांनी हात हलवले. वादावादी होऊन रस्ता मोकळा होईपर्यंत बराच वेळ गेला. या सगळ्या धांदलीत सासूबाईंच्या संतापलेल्या अंगठ्याखाली भोंग्याचं लाल बटण दाबलं गेलं होतं, हे काही कुणाच्या लक्षात आलं नाही.

वळणावर पोचले तेव्हा पळणारे घोळक्या-घोळक्याने येत होते. समोर उंच भिंत. शर्यत डावीकडे वळत होती आणि उजवीकडे एक अरुंद गल्ली होती. केशरी जाकीट घातलेले एक जाडजूड स्वयंसेवक बाणाच्या पाटीशी उभे होते.

"साहेब, पुढच्या टेबलावरचं पाणी संपलंय म्हणे. जरा बघून येऊ? तेवढं इथे लक्ष ठेवाल?"

"जा निर्धास्त! चौक माझा!"

मुकादमांनी बायकोला लांबून दिसावं म्हणून घडीचं स्टूल उघडलं आणि त्यावर चढून उभे राहिले. बाणाच्या पाटीच्या बरोब्बर पुढ्यात! एक दाट घोळका आला. मुकादमांनी भोंगा उंच धरला आणि हिरवं बटण दाबलं.

"उजवीकडे वळा! उजवीकडे! सरळ कुठे निघालात?"

मुकादम दचकले. पळणारे अजिबात दचकले नाहीत. एवढं अंतर तोडल्यावर माणसाचं डोकं चालत नाही, नुसते पाय चालतात. त्यातून असा आवाज! सगळा घोळका, शाळा सुटल्यासारखा, उजवीकडच्या गल्लीत शिरला.

"अहो, नाही! डावीकडे!" मुकादम ओरडले. पण सवयीने भोंग्यातच ओरडले, आणि त्यातून बाहेर आलं, "सरळ कुठे निघालात?" त्यांनी हिरवं बटण पुन्हा दाबलं. ते आतच अडकून बसलं. भोंगा वाजतोय, मागून दुसरा घोळका येतोय! शेवटी स्टुलावरून उडी मारून मुकादम गल्लीत धावले. मागच्यांना वाटलं, हाच वाट दाखवणारा असणार. तेही मागोमाग!

गल्ली एका लाँड्रीच्या अंगणात संपत होती. तिथे दोऱ्यांवर रांगांनी ओल्या पांढऱ्या चादरी टांगल्या होत्या, आणि त्या चादरींत शर्यत घुसली. कुणाचं डोकं अडकलं, कुणाचे पाय. एका गृहस्थांना ती शेवटची फीतच वाटली. दोन्ही हात उंचावून ते चादरीतून पार झाले आणि फोटोसाठी हसत उभे राहिले.

"अहो, हॉस्पिटलच्या चादरी आहेत त्या! घाम लावू नका!" रबरी बूट घातलेला लाँड्रीवाला थयथयाट करत होता.

मुकादमांच्या डोळ्यांपुढे मात्र एकच गोष्ट होती, बायकोचा पिवळा टीशर्ट. एका चादरीत काहीतरी पिवळं धडपडताना दिसलं. त्यांनी झेप घेऊन त्याला कवटाळलं.

"घाबरू नकोस गं राणी, मी आलोय!"

चादर बाजूला झाली. आतून दाढी निघाली.

"कोण राणी?" दाढीवाल्याने विचारलं.

तेवढ्यात पर्स काखेत मारून सासूबाई येऊन ठेपल्या. त्यांनी जावयाच्या हातातून भोंगा ओढला, त्याच्या बॅटऱ्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि नुसत्या गळ्याने म्हणाल्या, "सगळ्यांनी मागे वळायचं! रांगेत! ढकलाढकली नको!"

सगळे वळले. दाढीवाला तर "हो बाई" म्हणून वळला.

बायको त्या रांगेत नव्हती. मुकादमांनी एकेक चादर उचलून पाहिली. मग गाडी शेवटच्या रेघेकडे काढली.

"आई, वर्षभर पहाटे उठली हो ती. आणि मी तिला कुठल्या गल्लीत घातलं कोण जाणे."

सासूबाईंनी पर्स घट्ट मिटली. मग हळूच म्हणाल्या, "आवाज माझा होता, जावईबापू. अर्धं पाप माझं."

आणि मैदानात पाहतात तर काय! गळ्यात पदक, चेहरा टोमॅटोसारखा लाल, बायको लंगडत, हसत समोरून येत होती.

"कुठे होतात तुम्ही? मी वळणावर मान मोडेपर्यंत शोधलं! मग असा राग आला, असा राग आला, की त्या रागातच चढ संपला! आणि ऐका ना, नंतर मागे पाहिलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही! माझ्या वयोगटात तिसरी आले मी!"

म्हणजे हे दोघं वळणावर पोचायच्या आधीच ती तिथून गेली होती! मुकादमांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी आकाशाकडे पाहिलं.

बक्षीस घेताना बायकोने माइकवर गहिवरून सांगितलं, "माझा नवरा आणि माझी आई. या दोघांशिवाय हे शक्यच नव्हतं!"

"अरे वा! मग आईंनीही दोन शब्द बोलावेत!" निवेदक म्हणाला. मुकादम खालून दोन्ही हातांनी नको नको करत राहिले. पण सासूबाईंनी आयुष्यात कधी माइकला नाही म्हटलं नव्हतं.

"सर्वांनी आधी शांत बसा," त्या म्हणाल्या.

"हाच!" मागून दाढीवाला उठला. "हाच तो आवाज!"

मग काय, सगळं ओकावंच लागलं. बायकोने मुकाट्याने बक्षिसाचा चषक उचलला आणि चौथ्या आलेल्या औषध दुकानदार बाईंपुढे नेऊन ठेवला. त्यांच्या केसांत अजून कपड्याचा चिमटा होता.

"छे हो, तुमचंच आहे ते," त्या खो खो हसत सुटल्या. "सगळे सुटायला धडपडत होते तेव्हा मी त्या गार चादरीखाली खुशाल पसरले होते. अशी झोप घरी लागत नाही!"

आयोजकांनी सासूबाईंना हात जोडले. "पुढच्या वर्षी त्या वळणावर तुम्हीच उभ्या राहा. आमच्या माणसांचं कुणी ऐकत नाही."

मुकादम खाकरले. "नियोजनात माझीही काही मदत लागली तर..."

"लागेल की," रबरी बुटांचा आवाज मागून आला. "चला."

दुपारभर मुकादम लाँड्रीच्या अंगणात चादरी धूत, पिळत आणि वाळत घालत होते. कोपऱ्यातल्या सावलीत बायको उपड्या टबावर बसली होती. पाय कोमट पाण्याच्या बादलीत, शेजारी चहा पिणारी आई.

"आलं, आलं! एवढी एकच रांग राहिली!" ती टाळ्या वाजवत ओरडली.

"अगं, कंबर गेली माझी!"

"जाऊ दे! मान वर, खांदे सैल, श्वास नाकाने घ्या," बायकोने मोबाइल उचलला, "आणि जरा हसा बघू. फोटो काढतेय!"